मधली तीन वर्षं

पुस्तक विकत घेतलंय, पैसे मोजलेत, पावती खिशात आहे. पण वाचायचं नाही, असा हुकूम एखाद्या कोर्टाने दिलेला तुम्ही कधी ऐकलाय? जुलै २००५ मध्ये कॅनडात हे घडलं. व्हँकुव्हरजवळच्या कोक्विट्लम गावातल्या एका दुकानात हॅरी पॉटरच्या सहाव्या भागाच्या चौदा प्रती ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधीच नजरचुकीने विकल्या गेल्या. प्रकाशकाने थेट ब्रिटिश कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने आदेश काढला, की ज्यांनी प्रती घेतल्या त्यांनी त्या परत कराव्यात, १६ जुलैपर्यंत वाचू नयेत आणि आत काय आहे ते कुणापाशी बोलू नये.

कायद्याच्या अभ्यासकांनी या आदेशावर नाकं मुरडली आणि ते रास्तच होतं. माझ्यासारख्या वाचकाला मात्र त्या चौदा जणांचा मनापासून हेवा वाटला होता. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि पाच वर्षं या पुस्तकांच्या नादी लागलेली होते. लंडनमध्ये मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा उन्हाळ्यातल्या घड्याळानुसार आपल्याकडे पहाटेचे साडेचार होतात, हे गणित मी भूगोलाच्या तासाला नाही, पुस्तक कधी हातात येईल याचा हिशेब करताना शिकले.

मूळ गोष्ट अगदी साधी होती. २६ जून १९९७ रोजी लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने जे. के. रोलिंग या नवख्या लेखिकेचं पहिलं पुस्तक काढलं. त्याआधी डझनभर प्रकाशकांनी ते नाकारलं होतं. पुठ्ठाबांधणीच्या प्रती छापल्या पाचशे, त्यातल्या सुमारे तीनशे ग्रंथालयांत गेल्या. ब्लूम्सबरीचे प्रमुख नायजेल न्यूटन यांनी पहिलं प्रकरण आपल्या आठ वर्षांच्या मुलीला वाचायला दिलं, ती पुढचं मागत राहिली आणि पुस्तक स्वीकारलं गेलं, ही हकीकत आता सगळ्यांना पाठ आहे. मला त्यात वेगळंच काही दिसतं. पुढे काय झालं असं विचारणारी आणि उत्तरासाठी ताटकळणारी ती पहिली वाचक. तिच्यामागे कोट्यवधी मुलं याच रांगेत येऊन उभी राहिली.

अमेरिकेत पुस्तक गेलं तेव्हा तिथल्या प्रकाशकाला नावातला ‘फिलॉसॉफर’ हा शब्द मुलांना जड जाईल असं वाटलं. त्याच्या जागी जादूगारासाठीचा शब्द आला आणि किमयागारांच्या त्या जुन्या दगडाचा धागा तुटला. मराठीत ही अडचण आलीच नाही. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने मराठी अनुवाद काढला त्याचं नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. लोखंडाचं सोनं करणारा परीस आपल्याकडे भजन-कीर्तनातून लहान पोरालाही ठाऊक असतो. नावाच्या बाबतीत मराठी आवृत्तीने अमेरिकन आवृत्तीवर सहज मात केली, असं माझं मत आहे.

आता प्रश्न असा, की मुलांसाठीच्या मालिका याआधी काय कमी होत्या? एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’चे २१ भाग १९४२ ते १९६३ या काळात आले. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवनात बोर्डिंगमध्ये राहणारा. मीही फेणेवरच वाढले. पण फेणे कधी मोठा झाला नाही. पहिल्या पुस्तकात जेवढा, तेवढाच शेवटच्यात. वाचक दहावीला जातो, त्याला मिसरूड फुटतं, नि फेणे मात्र सायकलवरून तसाच पुढे निघून जातो. एका वयात तो आपल्याला भेटतो आणि मग आपणच त्याला मागे सोडतो.

हॅरीचं तसं नव्हतं. पहिल्या भागात तो अकराचा आणि सातव्यात सतराचा. दर भागात हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचं एक वर्ष सरतं. पहिला भाग इंग्लंडच्या आवृत्तीत २२३ पानांचा, चौथा ६३६, पाचवा ७६६. पानं वाढली तशी भाषा जड झाली, माणसं मरू लागली, चांगल्या माणसांच्या पोटातले डाग दिसू लागले. पाचव्या भागात हॅरी पंधरा वर्षांचा आहे आणि जवळपास सगळं पुस्तकभर चिडलेला आहे. चौदाव्या वर्षी ते वाचताना वाटलं, याला माझ्या घरचं कसं कळलं! तिशीत पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, संपादकाने थोडी कात्री चालवायला हवी होती. दोन्ही मतं मला आजही खरी वाटतात.

हिशेबातली एक गंमत बघा. पुस्तकात सहा-सात वर्षं जातात, पण सात भाग यायला दहा वर्षं लागली, १९९७ ते २००७. म्हणजे जो वाचक पहिल्या दिवशी हॅरीएवढा अकराचा होता, तो शेवटचा भाग हाती घेताना एकवीसचा होता. पोरं हॅरीच्या पुढे निघून गेली आणि तरीही थांबून राहिली.

पहिले चार भाग तसे झटपट आले. १९९७, ९८, ९९ आणि २०००, दरवर्षी एक. तिसऱ्या भागाची विक्री इंग्लंडात ८ जुलै १९९९ रोजी दुपारी पावणेचारला सुरू केली, कारण सकाळी केली असती तर मुलांनी शाळेला दांडी मारली असती. २००० च्या जुलैत चौथा भाग आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीतल्या वरच्या जागा या मालिकेनेच अडवल्या होत्या. मोठ्यांच्या पुस्तकांना वाव मिळावा म्हणून त्या वृत्तपत्राने बालपुस्तकांची यादीच वेगळी काढली. आणि मग, चौथ्या भागाच्या शेवटी खलनायक परत आलेला, एक मुलगा मेलेला, सगळं अधांतरी असताना, पाचव्या भागाला तीन वर्षं लागली.

माझं म्हणणं असं आहे, की वेडा वाचक घडला तो या तीन वर्षांत. पुस्तक हातात असतं तेव्हा आपण नुसते वाचक असतो. पुस्तक मिटलेलं असतं आणि पुढचं यायचं असतं तेव्हा डोकं खरं कामाला लागतं.

चौथा भाग आला तेव्हा मी कोल्हापुरात सहावीत होते. पाचवा भाग आला तेव्हा नववीत पोहोचले होते. चौथा भाग लायब्ररीतून दिवसाला दोन रुपये भाड्याने आणला होता आणि तो परत करवेना म्हणून आईची बोलणी खाल्ली होती. नाशिकला माझी मामेबहीण होती, तिलाही हेच खूळ. आम्ही एकमेकींना आंतर्देशीय पत्रं लिहायचो. दोनशे पानी वहीत मी तर्क मांडून ठेवले होते: कोण फितूर, कोण मरणार, हॅरीच्या शाळेतला स्नेप मास्तर आपला की त्यांचा. कधीतरी सायबर कॅफेत तासाला तीस रुपये मोजून बसलं की कळायचं, जगभर पोरं हेच करत बसली आहेत.

ती काय काय करत होती? १९९९ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एमर्सन स्पार्ट्झ या बारा वर्षांच्या मुलाने ‘मगलनेट’ नावाची वेबसाइट सुरू केली. सहा वर्षांनी, सहाव्या भागाच्या प्रकाशनाच्या दिवशी, रोलिंगबाईंनी त्याला आणि आणखी एका चाहतीला एडिंबरात बोलावून सविस्तर मुलाखत दिली. आणखी एका चौदा वर्षांच्या अमेरिकन मुलीने गोष्टीतल्या वर्तमानपत्राच्या नावाने खरंच एक वर्तमानपत्र इंटरनेटवर चालवलं. देशोदेशीची मुलं त्यात स्वतःला हॉगवर्ट्सचे विद्यार्थी कल्पून बातम्या लिहायची आणि ही मुलगी त्यांचं संपादन करायची. माध्यमांचे अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात या मुलीवर अख्खं प्रकरण लिहिलं. शाळेत निबंध लिहायचा म्हटलं की कंटाळणारी पोरं इथे आपखुशीने लिहितात, एकमेकांच्या चुका काढतात आणि पुन्हा लिहितात, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं.

यावरून भांडणही झालं. चित्रपटाचे हक्क घेतलेल्या वॉर्नर ब्रदर्सने २००० च्या अखेरीस हॅरीचं नाव वापरणाऱ्या मुलांच्या वेबसाइटांना वकिलांची पत्रं धाडली. त्यातलं एक इंग्लंडमधल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या घरी पोहोचलं. पोरं घाबरायच्या ऐवजी संतापली. त्यांनी बहिष्काराची हाक दिली, वर्तमानपत्रं त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि कंपनीने पाय मागे घेतला.

पण मला सगळ्यात आवडणारा किस्सा अनुवादाचा आहे. सहाव्या भागाच्या शेवटी एक चिठ्ठी सापडते, खाली सही फक्त तीन आद्याक्षरांची: आर. ए. बी. हा कोण, यावर जगभर खल सुरू झाला. बऱ्याच जणांचा संशय ब्लॅक घराण्यातल्या रेग्युलसवर होता, पण पुरावा नव्हता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की काही भाषांत आडनावांचाही अनुवाद केलेला आहे. डच आवृत्तीत ब्लॅकचं झ्वार्ट्स झालंय, नॉर्वेजियनमध्ये स्वार्ट, फिनिशमध्ये मुस्ता. सगळ्यांचा अर्थ काळा. चाहत्यांनी त्या आवृत्त्या उघडल्या. डचमध्ये सहीचं शेवटचं अक्षर झेड, नॉर्वेजियनमध्ये एस, फिनिशमध्ये एम. कोडं सुटलं. पोलिसांच्या तपासाला शोभेल अशी ही रीत शोधणारी बहुतेक मंडळी शाळा-कॉलेजातली होती. पाठभेद ताडून पाहण्याचं हे काम आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांवर विद्वान करत आले आहेत.

वाट पाहायला लावणारी गोष्ट आपल्या देशाला काही नवी नाही. १८८८ पासून काशीच्या देवकीनंदन खत्रींनी ‘चंद्रकांता’ हिंदीत आणली, तिलिस्म आणि ऐयारांनी भरलेली. मग तिची ‘संतति’ चोवीस भागांत चालली. ती वाचता यावी म्हणून लोक देवनागरी शिकले, असं हिंदी साहित्याचे इतिहासकार सांगतात. फ्रान्समध्ये शंभरेक वर्षांनी उलट दिशेने तेच झालं: पाचव्या भागाच्या फ्रेंच अनुवादाला वेळ लागणार म्हणून लोकांनी इंग्रजी पुस्तकच इतकं घेतलं, की ते तिथल्या खपाच्या यादीत पहिलं आलं. आणि २००७ मध्ये एक्स-आं-प्रोव्हान्स शहरात सोळा वर्षांच्या एका मुलाला पोलिसांनी पकडलं. त्याने सातवा भाग अधिकृत अनुवादाच्या कितीतरी आधी स्वतःच फ्रेंचमध्ये उतरवून इंटरनेटवर टाकला होता.

प्रकाशकांनी मुलांच्या या अधीरपणाचा धंदाही पुरेपूर केला, हे लपवायचं कारण नाही. गुप्ततेचे करार, सीलबंद खोकी, मध्यरात्रीची विक्री, हा सगळा बाजाराचा खेळ होता. २००३ मध्ये तर पाचव्या भागाच्या ७,६८० प्रती भरलेला ट्रकच इंग्लंडमध्ये चोरीला गेला. आपल्याकडच्या फूटपाथवाल्यांना कसलेच करार लागू नव्हते. मुंबई-पुण्याच्या सिग्नलला पुस्तक अर्ध्याहून कमी किमतीत मिळायचं. मी तिथून घेतलेल्या एका प्रतीत एक फॉर्म दोनदा शिवलेला होता आणि पुढची सोळा पानं गायब. ती सोळा पानं मी मैत्रिणीच्या प्रतीवरून हाताने उतरवून काढली. चोरीच्या मालाला एवढी निष्ठा दाखवलेली पाहून लेखिकेला हसावं की रडावं कळलं नसतं.

सातवा भाग आला त्या २००७ सालच्या दुर्गापूजेत कोलकात्यातल्या सॉल्ट लेकमधल्या एका मंडळाने हॉगवर्ट्सच्या वाड्याचा मंडप उभारला. गणपतीचे देखावे पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना यात काहीच वावगं दिसणार नाही. रोलिंगबाई आणि चित्रपट कंपनी मात्र दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि वीस लाख रुपयांची भरपाई मागितली. मंडळ काही नफ्यासाठी हे करत नव्हतं, हे पाहून न्यायालयाने उत्सवापुरता मंडप राहू दिला.

आणि पुस्तक अखेर हातात पडलं की काय व्हायचं? ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी याचं मोजमाप केलं. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी पडून, धडपडून तिथे येणाऱ्या सात ते पंधरा वर्षांच्या मुलांची सरासरी साधारण ६७ होती. पाचवा भाग आला त्या शनिवार-रविवारी ३६ मुलं आली, सहावा आला तेव्हा ३७. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या २००५ च्या नाताळ अंकात हा निबंध आला. तो अंक गमतीचा असतो, पण आकडे खरे होते.

वाचनाने मुलांची मनं बदलतात का, हा प्रश्न जास्त अवघड. इटलीतल्या लोरिस वेझाली यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक शाळेतल्या मुलांना काही आठवडे या पुस्तकांतले निवडक उतारे वाचून दाखवले. अर्ध्या गटाला भेदभावाविषयीचे, बाकीच्यांना तटस्थ. ज्या मुलांना हॅरी आपलासा वाटत होता, त्यांची स्थलांतरितांबद्दलची अढी भेदभावाचे उतारे ऐकल्यावर कमी झालेली दिसली. गट लहान होता, तेव्हा यावरून फार मोठे मनोरे रचू नयेत. मला त्यातली अट लक्षात राहते: नुसतं ऐकून भागत नाही, तो मुलगा आपला वाटावा लागतो.

या आपलेपणानेच पुढे वांधा केला. २०२० मध्ये लिंगओळखीच्या प्रश्नावर रोलिंगबाईंनी मांडलेल्या मतांवरून वाचकांत फूट पडली. चित्रपटात हॅरीचं काम केलेल्या डॅनियल रॅडक्लिफने जाहीरपणे वेगळी भूमिका घेतली. मगलनेटसारख्या जुन्या चाहत्यांच्या साइटांनी लेखिकेपासून अंतर राखायचं ठरवलं. तिची बाजू घेणारे वाचकही थोडे नव्हते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजात पोरांनी पुस्तकातला झाडूवरचा क्विडिच हा खेळ जमिनीवर धावत खेळायला सुरुवात केली होती. २०२२ मध्ये त्या खेळानेही लेखिकेपासून दूर जात आपलं नावच बदलून ‘क्वाडबॉल’ करून घेतलं. माझी मामेबहीण आता ती पुस्तकं उघडत नाही. मी उघडते. आमची पत्रं बंद झाली, फोनवर हा विषय निघाला की आम्ही दोघी सांभाळून बोलतो.

चाहत्यांनी निसर्गाचं एक नुकसानही केलं, निदान तसा आरोप झाला. हॅरीकडे पांढरं घुबड आहे. २०१० मध्ये भारतातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर ‘ट्रॅफिक’ संस्थेचा अहवाल आला, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी शहरी मध्यमवर्गात मुलांना घुबड भेट द्यायचं जे खूळ शिरलंय त्याचा संबंध या पुस्तकांशी जोडला. खरं तर घुबडाचा मोठा घात करतात ती दिवाळीच्या सुमाराची जादूटोण्याची कृत्यं. पण ज्या पक्ष्याचं नाव घेतलं तरी आजी थू थू करायची, तो आपल्याला पाळायला हवा असं पोरांना वाटावं, हा बदलही लहान नाही. भारतात घुबड पाळणं गुन्हा आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

तीच पोरं मोठी होऊन रानात गेली, तेव्हा मात्र वेगळं घडलं. २०१६ मध्ये जावेद अहमद, राजश्री खलप आणि सुमुख जवागल यांनी कर्नाटकातल्या पश्चिम घाटात एक नवा कोळी शोधला. जेमतेम सात मिलिमीटरचा, वाळक्या पानासारखा दिसणारा, टोक मुडपलेल्या शंकूच्या आकाराचा. थेट हॉगवर्ट्समधल्या त्या बोलक्या टोपीसारखा. त्या टोपीच्या पहिल्या मालकावरून नाव ठेवलं एरिओव्हिक्झिया ग्रिफिंडोराय. २०२० मध्ये झीशान मिर्झा, हर्षल भोसले, पुष्कर फणसळकर, मंदार सावंत, गौरांग गोवंडे आणि हर्षिल पटेल यांनी अरुणाचलच्या पक्के व्याघ्र प्रकल्पातून आपल्याकडच्या चापड्याच्या कुळातला एक हिरवा विषारी साप जगासमोर आणला; नराच्या डोक्याच्या बाजूने लालसर केशरी पट्टा गेलेला. सापांशी बोलणाऱ्या सालाझार स्लिदरिनवरून त्याचं नाव ट्रायमेरेसुरस सालाझार. थायलंडमधल्या एका गांधीलमाशीला तर बर्लिनच्या संग्रहालयात आलेल्या लोकांनी मतदान करून पुस्तकातल्या, आत्मा शोषून घेणाऱ्या ‘डिमेंटर’चं नाव दिलं. ती झुरळाला असा डंख मारते, की ते चालू शकतं, पण स्वतःच्या मर्जीने नाही.

यातलं सगळ्यात जुनं नाव एका डायनासोरचं. अमेरिकेतल्या दक्षिण डकोटात तीन हौशी मित्रांना एक कवटी सापडली, चपटी आणि काटेरी, अगदी चित्रातल्या ड्रॅगनसारखी. त्यांनी ती इंडियानापोलिसच्या मुलांच्या संग्रहालयाला देऊन टाकली. तिथे आलेल्या मुलांच्या सूचनेवरून २००६ मध्ये तिचं नाव पडलं ड्रेकोरेक्स हॉगवर्ट्सिया, म्हणजे हॉगवर्ट्सचा ड्रॅगनराजा. तीन वर्षांनी जॅक हॉर्नर आणि मार्क गुडविन या संशोधकांनी हाडांच्या वाढीचा अभ्यास करून वेगळंच मांडलं. ही स्वतंत्र जात नसावी, तर घुमटासारख्या जाड डोक्याच्या, आधीच माहीत असलेल्या पॅकिसेफॅलोसॉरसचं हे पिल्लू असावं. वय वाढलं असतं तसे त्याचे काटे झिजून बोथट झाले असते आणि कपाळ वर आलं असतं.